रचना आठ, कंसात गाय



चित्रकलेच्या तासाला काढलेल्या साध्या रेखाटनातून भौमितिक अमूर्त चित्र कसं तयार होतं, असा आजचा विषय आहे. फलकावर तो वाचून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचं इथे काय काम. शंका रास्त आहे. आम्ही चित्रकार नाही. आयुष्यभर आम्ही खडूने फळ्यावर जे काढलं ते फार तर एक वर्तुळ, त्यात दुसरं वर्तुळ, आणि खाली ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’.

हा विषय आमच्या घरात शिरला तो नातीच्या दप्तरातून. ती आठवीत आहे. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी आधी घरातल्या तीन वस्तूंचं पेन्सिलने वस्तुचित्र काढायला सांगितलं. तिने लाकडी पाट भिंतीशी उभा केला, त्याच्यापुढे पितळी तांब्या ठेवला आणि पाटाला एक मिटलेली छत्री टेकवली. चित्र चांगलं उतरलं. तांब्या तिच्या आजीचा. आजीला जाऊन दोन वर्षं झाली, पण तुळशीला पाणी अजून त्याच तांब्याने घातलं जातं. त्याच्या पोटाला एक पोचा आहे, तोही पोरीने सोडला नव्हता. पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आता याच रेखाटनावरून भौमितिक अमूर्त चित्र करा. सरळ रेषा, वर्तुळं, त्रिकोण, मोजके रंग, छायाप्रकाश नको. तिने सांगितल्याबरहुकूम केलं, कागद आमच्यासमोर आणून ठेवला आणि विचारलं, ‘‘आबा, यात आजीचा तांब्या कुठे गेला?’’

अनेक वर्षं वर्गात प्रश्न घेतले, पण या प्रश्नाला आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. ते शोधायला आम्ही मागे, इतिहासात गेलो. तिथे जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आमच्या पिढीची एक आठवण. तुमच्यातल्या पुष्कळांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षा दिल्या असतील. आम्हीही दिल्या. एका पेपरात वस्तुचित्र असायचं. समोर स्टुलावर मांडलेली भांडी बघायची, पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मापं घ्यायची. दुसऱ्या पेपरात भूमिती असायची. कंपासपेटी उघडायची आणि दिलेल्या वर्तुळात षटकोन बसवायचा. दोन्ही एकाच परीक्षेचे पेपर; पण समोरच्या भांड्यात वर्तुळ आहे आणि कागदावरच्या षटकोनाला वजन आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. भांडं एका पेपरात राहिलं, वर्तुळ दुसऱ्या पेपरात. आमच्या नातीच्या बाईंनी हे दोन पेपर एकत्र आणले. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. माणसाला ती जमायला बरीच शतकं लागली आहेत.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच.

भौमितिक आकार स्वतःच सुंदर असू शकतो, हा विचार जुना आहे. प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की आकारांचं सौंदर्य म्हटलं की लोकांना जिवंत प्राणी किंवा त्यांची चित्रं आठवतात, पण त्याला ते अभिप्रेत नाही. त्याच्या मनात आहेत सरळ रेषा, वर्तुळं, आणि लेथ, पट्टी व गुण्या वापरून त्यांच्यापासून बनणारे सपाट आणि घन आकार. ते कशाच्या तुलनेत सुंदर नसतात, स्वभावतःच सुंदर असतात. चोवीसशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आहे आणि त्यात सुताराची हत्यारं आहेत, हे लक्षात ठेवा.

पण प्लेटो इथे तयार आकारांबद्दल बोलतो. तांब्याचं वर्तुळ कसं होतं, हा आपला प्रश्न. त्यासाठी ॲरिस्टॉटलचा शब्द कामाला येतो. गणिती माणूस वस्तूचा रंग, ऊब, वजन, कठीणपणा काढून टाकतो आणि उरलेल्या आकार-परिमाणाचा विचार करतो, असं तो सांगतो. या काढून टाकण्याला ग्रीक शब्द आहे ‘अफैरेसिस’. लॅटिनमध्ये त्याच कल्पनेसाठी ‘ओढून वेगळं काढणं’ या अर्थाचा शब्द आला आणि त्यातून आजचा ‘ॲबस्ट्रॅक्ट’. आपण मराठीत त्याला ‘अमूर्त’ म्हणतो, आणि इथे थोडा घोटाळा होतो. अमूर्त म्हणजे ज्याला मूर्ती नाही, आकार नाही ते. भौमितिक अमूर्त चित्राला तर आकार असतोच असतो. आकाराशिवाय त्यात दुसरं असतं काय? तेव्हा आजपुरता ‘निराकार’ हा अर्थ बाजूला ठेवू आणि ‘काढून टाकण्याची क्रिया’ हा अर्थ धरू. त्याबरोबर तीन प्रश्न उभे राहतात. कोणी काढलं? काय काढलं? आणि काढलेल्याचं पुढे काय झालं?

आपल्याकडे या चर्चेचा लाडका प्राणी म्हणजे गाय. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच विचारलं आहे, की ‘गाय’ म्हटल्यावर त्यातला शब्द नेमका कोणता? गळ्याखाली लोंबणारी पोळी, शेपूट, वशिंड, खूर, शिंगं असलेली ती वस्तू म्हणजे शब्द का? नाही, म्हणतो, ते द्रव्य झालं. मग तिचा रंग? तो गुण झाला. असं एकेक बाजूला करत तो पुढे जातो. नैयायिकांनी सगळ्या गायींत असणारं ‘गोत्व’ मांडलं. बौद्ध तर्कशास्त्रात दिङ्नागाने वेगळीच वाट काढली. तो म्हणाला, गोत्व नावाची वस्तू शोधू नका. जे जे गाय नाही ते वगळणं, हाच ‘गाय’ शब्दाचा अर्थ. याला अपोहवाद म्हणतात. म्हणजे अर्थ वगळण्यातून तयार होतो. आम्ही हा भाग शिकवायचो तेव्हा मुलांचे चेहरे बघवत नसत. त्या वेळी आम्हाला एक चित्र माहीत असतं तर शिकवणं सोपं झालं असतं.

ते चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. चित्रकार डच, थिओ फान डूसबुर्ख, जन्म १८८३. १९१७ साली त्याने ‘डी स्टाइल’ हे मासिक सुरू केलं. पीट मॉन्ड्रियान त्यात लिहीत असे. पहिलं महायुद्ध चालू होतं. हॉलंड तटस्थ असलं तरी सैन्य सीमेवर तैनात होतं आणि डूसबुर्खनेही त्यात काही काळ काढला होता. साधारण १९१८ साली पूर्ण झालेलं त्याचं एक छोटं तैलचित्र आहे, सुमारे दोन फूट रुंद. पांढरट पृष्ठभागावर काही रंगीत चौकोन आणि आयत, एकमेकांपासून सुटे. संग्रहालयात त्याचं नाव आहे ‘रचना आठ’, आणि कंसात ‘गाय’.

नुसतं चित्र बघितलं तर गाय दिसणार नाही, शपथेवर सांगतो. पण या चित्राआधीची रेखाटनं टिकली आहेत. पहिल्या पेन्सिल-रेखाटनांत सरळ सरळ गाय आहे, कुठल्याही कुरणात दिसेल तशी. पुढच्या कागदांवर तिच्या गोलाईच्या जागी सरळ कडा येतात. पोट, मान, पाय यांचे ठोकळे होतात. त्यापुढे ठोकळ्यांतल्या तिरक्या कडा कमी होत जातात आणि आडवं-उभं तेवढं राहतं. शेवटी ठोकळे एकमेकांपासून सुटतात आणि मधली पांढरी जागाही चित्राचा भाग होते. १९२५ साली बाउहाउसच्या पुस्तकमालेत डूसबुर्खचं छोटं पुस्तक निघालं. त्यात त्याने गायीचं छायाचित्र आणि हे टप्पे ओळीने छापले. आज जगभरच्या शाळांत ‘रेखाटनावरून अमूर्त चित्र करा’ असा जो स्वाध्याय दिला जातो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरं सापडलं नाही.

पुस्तकात हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. प्रत्यक्षात काम असं नीट चढत जात नाही, हे आम्हाला स्वतः करून बघितल्यावर कळलं. नातीच्या शेजारी आम्हीही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. तिच्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि तांब्याचं वर्तुळ केलं, पाटाचा आयत केला, छत्रीचा लांबट त्रिकोण केला. तीन आकार रंगवून ठेवले. झालं काय, तर बालवाडीच्या भिंतीवरचा आकारांचा तक्ता! नात हसली. तिच्या चित्रातही तीच चूक होती, फक्त रंग आमच्यापेक्षा चांगले लावले होते. प्रत्येक वस्तू सुटी सुटी सोपी करून मांडली की रचना होत नाही. मग काय केल्याने होते?

याचं उत्तर आम्हाला वासिली कांदिन्स्कीच्या वर्गात मिळालं. कांदिन्स्की मूळचा मॉस्कोचा, कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला. तिशीत प्राध्यापकी नाकारून तो १८९६ साली चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. प्राध्यापकी वेळीच नाकारली तर माणसाचं काय होऊ शकतं, हे आमच्या व्यवसायाने लक्षात घ्यावं! १९१९ साली वाल्टर ग्रोपियसने जर्मनीत वायमार इथे बाउहाउस ही शाळा काढली. कांदिन्स्की तिथे १९२२ साली शिक्षक म्हणून आला. शाळा पुढे देसाऊला आणि शेवटी बर्लिनला गेली, तरी १९३३ साली ती बंद होईपर्यंत तो तिथेच होता. तिथे तो एक वर्ग घेत असे, ‘विश्लेषक रेखाटन’. विद्यार्थी स्वतः वस्तू मांडत. शिडी, टोपल्या, चाकं, कापडं, जे हाताला लागेल ते. आणि मग तीन टप्प्यांनी काम करत. १९२८ साली बाउहाउसच्या मासिकात त्याने ते टप्पे लिहून ठेवले आहेत. आम्ही ते आमच्या पाट-तांब्याच्या भाषेत सांगतो.

पहिला टप्पा. सगळी मांडणी मिळून एकच मोठा साधा आकार शोधायचा. आमच्या मांडणीत पाट, तांब्या, छत्री मिळून एक तिरका त्रिकोण होत होता, शेंडा छत्रीच्या मुठीपाशी. त्या मोठ्या आकारात प्रत्येक वस्तूची जागा आणि तिचं इतरांशी प्रमाण थोडक्यात नोंदवायचं. तपशील जातो तो इथे.

दुसरा टप्पा. वस्तूंमधले ताण शोधायचे. शब्द नीट ऐका, ‘ताण’. छत्री पाटावर रेलली आहे, म्हणजे ती त्याला ढकलते आहे. पाट उभा आहे, म्हणजे तो तो भार सोसतो आहे. तांब्या आपल्या बुडावर बसला आहे आणि त्याचं पोट दोन्ही बाजूंना दाबतं आहे. छत्रीची रेघ खाली वाढवली तर ती तांब्याच्या पोटाला जाऊन लागते. मुख्य ताण जाड रेषेने किंवा रंगाने दाखवायचे, आणि रचना जिथून निघते ते बिंदू तुटक रेषांच्या जाळ्याने जोडायचे. हा टप्पा आम्ही गाळला होता, म्हणून आमचा तक्ता झाला.

तिसरा टप्पा. आता वस्तू सोडायच्या आणि फक्त ताण ठेवायचे. रेषा कागदाच्या कडांपर्यंत वाढवायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नवे आकार होतात ते बघायचे. एकाच मांडणीतून कितीतरी रचना निघू शकतात. काहींत मूळ बांधणी उघड दिसते, काहींत ती झाकलेली राहते.

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी छत्रीची तिरकी रेघ कागदाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली. पाटाच्या दोन उभ्या कडा वरपासून खालपर्यंत वाढवल्या. तांब्याचं वर्तुळ पाटाच्या कडेने कापलं गेलं, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेला एक धारदार पाचर तयार झाली, जी मूळ चित्रात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. नातीने कडांना चिकटपट्टी लावून पोस्टर कलर भरले. पिवळा, राखाडी, काळा आणि एक विटकरी. पट्टी ओढून काढली आणि चित्र उभं राहिलं. आता ते तीन आकार नव्हते. एक भार होता आणि तो कुणीतरी पेलला होता.

कांदिन्स्कीचा मुद्दा असा होता की हे शिक्षण हाताचं नसून बघण्याचं आहे. वस्तूचं बाहेरचं रूप नेमकं उतरवण्यापेक्षा ती कशी उभी आहे, तिच्यात कोणत्या शक्ती काम करतात, हे नेमकेपणाने बघायचं. काढून टाकण्यासाठी आधी खूप बघावं लागतं. जे बघितलंच नाही, ते काढून टाकता येत नाही. ते नुसतं सुटतं. काढणं आणि सुटणं यांत फरक आहे.

इथे अठराव्या शतकातल्या बर्कलीचं एक म्हणणं जोडतो. त्याच्या आधी लॉकने म्हटलं होतं, त्रिकोणाची सामान्य कल्पना म्हणजे समभुज नाही, समद्विभुज नाही, विषमभुज नाही, आणि तरी हे सगळं एकदम. बर्कलीने १७१० साली विचारलं, असा त्रिकोण कोणी मनात आणून दाखवेल का? चित्रकार तर बर्कलीच्याच पक्षाचा. त्याला ‘सामान्य त्रिकोण’ रंगवताच येत नाही. रंगवला की तो हा त्रिकोण होतो, इतक्या कोनाचा, या पिवळ्या रंगाचा. डूसबुर्खने १९३० साली नेमकं हेच धरलं आणि आपल्या कलेला ‘मूर्त कला’ म्हणावं असं जाहीर केलं, कारण रेषा, रंग आणि पृष्ठभाग यांच्याइतकं मूर्त दुसरं काही नाही. आम्ही ज्याला अमूर्त म्हणतो त्याला करणारा मूर्त म्हणतो. मजा आहे की नाही?

हे सगळं परदेशी आहे असं वाटत असेल, तर दोन गोष्टी सांगतो. १९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्याला बाउहाउसच्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. कांदिन्स्की, क्ले, इटेन यांची कामं त्यात होती, आणि त्यांच्या जोडीला गगनेंद्रनाथ टागोरांसारख्या भारतीय चित्रकारांचीही. दुसरी गोष्ट सय्यद हैदर रझांची. मध्य प्रांतातल्या मंडला भागात लहानपणी ते शाळेत चंचल होते. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पुढे ते नागपूरच्या चित्रशाळेत, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, १९५० साली फ्रान्सला गेले. अनेक वर्षं निसर्गदृश्यं रंगवल्यावर त्यांच्या चित्रांत वर्तुळं, त्रिकोण आणि मध्ये काळा बिंदू आला. त्या बिंदूचा धागा ते स्वतः त्या मास्तरांच्या ठिपक्याशी जोडत. मात्र प्रत्येकाची वाट हीच असते असं नाही. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणवून घ्यायला तयार नसत. वस्तूपासून काही काढून ते चित्र करतच नव्हते, त्यांचा शब्द होता ‘अवस्तुनिष्ठ’. तेव्हा वर्गातला स्वाध्याय ही एक वाट आहे, एकमेव नव्हे.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्यासाठी पुन्हा वायमारला जावं लागेल. बाउहाउसच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत फ्रीडल डिकर नावाची व्हिएन्नाची मुलगी होती, जन्म १८९८. योहानेस इटेनच्या मागोमाग ती १९१९ साली वायमारला आली. इटेन आपल्या वर्गात जुन्या चित्रकारांच्या चित्रांचं पृथक्करण करायला लावत. चित्राची लय कुठे आहे, तिरकी रेघ कुठून कुठे जाते, उजेड-अंधाराचे गठ्ठे कसे बसले आहेत. फ्रीडल हे सगळं शिकली. ती ज्यू होती. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला प्रागजवळच्या तेरेझिनच्या बंदीवस्तीत पाठवलं गेलं.

तिथे तिने मुलांना चित्रकला शिकवली. कागद नव्हते. कचेरीतले वापरलेले फॉर्म, रद्दी, पाकिटं, जे मिळेल त्यावर मुलं काढत, कापून चिकटवत. ती त्यांच्याकडून लयीचे सराव करून घेई, वस्तू मांडून चित्रं काढून घेई, रचनेचं पृथक्करण करून घेई. बाउहाउसमध्ये जे शिकली तेच, मुलांच्या बेताने. ही चित्रं भौमितिक अमूर्त नव्हती. बहुतेकांत घरं आहेत, फुलं आहेत, खिडक्या आहेत. पण बघायची शिस्त त्याच घराण्याची होती. आणि एक गोष्ट ती कटाक्षाने करून घेई. चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालायचं.

हे मोठं का, ते सांगतो. त्या वस्तीतही एक ‘काढून टाकणं’ चालू होतं. माणसाचं घर काढलं, धंदा काढला, वय, आवाज, आवडीनिवडी काढल्या, आणि यादीत उरली वाहतुकीच्या गाडीची अक्षरं व एक क्रमांक. हीदेखील तर्कदृष्ट्या अमूर्तीकरणाचीच क्रिया आहे. तपशील वगळायचे आणि हिशेबाला सोयीचं तेवढं ठेवायचं. आम्ही वर्गात अमूर्तीकरण शिकवताना ते बुद्धीचं वैभव म्हणून शिकवलं. त्याचा हा दुसरा उपयोग फारसा सांगितला नाही. ती आमची चूकच होती.

मग दोन्हींत फरक कुठे? चित्रकाराने काय वगळलं ते त्याला माहीत असतं. त्याने ते आधी बघितलेलं असतं, त्याच्यावर वेळ घालवलेला असतो, आणि का वगळलं असं विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. यादी करणाऱ्याने बघितलेलंच नसतं आणि त्याला कोणी विचारत नाही. एकाच्या वगळण्यात वस्तूशी नातं राहतं, दुसऱ्याच्या वगळण्यात ते मुद्दाम तोडलेलं असतं.

१९४४ च्या सप्टेंबरअखेर फ्रीडलच्या नवऱ्याला पुढच्या छावणीत नेलं. तिने त्याच्या मागून जायला स्वतःहून नाव दिलं. ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झला तिला मारण्यात आलं. नवरा वाचला. जाण्यापूर्वी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर ती प्रागला पोचली आणि आज तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. पण चित्रांवर नावं आहेत. अनेक मुलांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या हातचं एवढंच मागे उरलं आहे.

तर मंडळी, नातीच्या प्रश्नाकडे येतो. आजीचा तांब्या कुठे गेला? आम्ही तिला जे सांगितलं ते असं. तांब्या चित्रात दिसत नाही हे खरं आहे. पोचा गेला, पितळेची झळाळी गेली, तुळस तर आधीपासूनच नव्हती. पण छत्रीचा भार जिथे येऊन थांबतो ती जागा त्याने दिली. तो तिथे नसता तर ती रेघ तिथे थांबली नसती आणि पिवळा रंग तिथे आला नसता. तांब्या काय करत होता, तेवढं राहिलं. ‘‘म्हणजे आजीसारखंच,’’ ती म्हणाली. यावर आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी चित्राला नाव द्यायचं होतं. बाईंनी सांगितलं होतं, ‘रचना क्रमांक एक’ असं लिहा. अमूर्त चित्रांना असं नाव देण्याची पद्धत आहे, त्यात बाईंचं काही चुकलं नाही. आम्ही नातीला डूसबुर्खची गोष्ट सांगितली. शेवटच्या चित्रात गाय कोणाला दिसत नाही, पण नावातल्या कंसात ती उभी आहे. तिने पेन घेतलं, कागदाच्या मागे लिहिलं, ‘रचना १ (आजीचा तांब्या)’, आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

तुमच्या घरी कोणाला असा स्वाध्याय मिळाला तर दोन गोष्टी करायला सांगा. मूळ रेखाटन टाकून देऊ नका; अंतिम चित्राबरोबर ते ठेवा, कारण काय वगळलं याची ती नोंद आहे. आणि दुसरा टप्पा गाळू नका. आधी ताण शोधा, मग रंगाच्या बाटल्या उघडा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. चित्रं कोणी बरोबर आणली असतील तर आधी ती दाखवा.